तीन हिवाळे आणि एक रिकामी खुर्ची

त्या गुरुवारी सकाळी दहा ते साडेअकरा ह्या अवधीत मादाम इंगुना माझ्या दारासमोरून चौदा वेळा गेल्या. द्वारपालाने येणाऱ्या-जाणाऱ्यांची गणती करू नये असा नियम कोठेही लिहिलेला नाही, म्हणून मी मोजले. प्रत्येक खेपेस त्यांच्या हातात तोच कागद होता, आणि प्रत्येक खेपेस तो अधिक चुरगळलेला होता.

माझे नाव फिर्मँ. शार्लरुआच्या काचकारखान्यात माझे वडील भट्टीवर होते. मीही चौदाव्या वर्षी शाळा सोडून तेथेच लागलो, आणि कारखान्यास टाळे लागल्यावर ब्रुसेल्समधील ह्या इमारतीत द्वारपाल म्हणून रुजू झालो. त्यास तेवीस वर्षे लोटली. युरोपातील सत्तावीस देशांचे प्रमुख ज्या सभागृहात एकत्र बसून सर्वांस सारख्याच भेडसावणाऱ्या प्रश्नांचा खल करतात, त्या सभागृहाचे दार त्या गुरुवारपर्यंत माझ्या स्वाधीन होते. त्या दारास ओक लाकडाची दोन कवाडे आहेत. सभा बसताना व उठताना दोन्ही उघडावयाची. मध्यंतरी कोणास आत-बाहेर करणे झाल्यास केवळ उजवे कवाड, आणि तेही मनुष्य तिरका होऊन जाईल इतकेच.

आतील रीत अशी, की प्रमुखांनी एकट्यानेच बसावे. सचिव नाही, सल्लागार नाही. मतदानही होत नाही. अध्यक्ष मसुद्यातील मुद्दा वाचतात, मेजाभोवती एकवार दृष्टी फिरवितात, आणि कोणापुढचा लाल दिवा लागलेला नसेल तर ‘संमत’ म्हणून पुढे जातात. बटण दाबून एकाने जरी दिवा लावला, तरी मुद्दा अडतो. मौन म्हणजे संमती हे वचन जगात कोठे अक्षरशः पाळले जात असेल, तर ते ह्या मेजाभोवती. मात्र जो खोलीतच नाही त्याचेही मौनच धरले जाते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही.

बाहेर ताटकळणाऱ्या सल्लागारांसाठी निराळी व्यवस्था आहे. आत एक टिपणकार बसतो. वीस मिनिटे झाली की दुसरा त्याची जागा घेतो, आणि पहिला आपली वही घेऊन मार्गिकेच्या टोकाशी असलेल्या टिपणखोलीत जातो. तेथे सत्तावीस देशांची सत्तावीस माणसे पेन उघडून बसलेली असतात. कोण काय बोलले हे तो संथ स्वरात सांगतो व ती माणसे लिहून घेतात. त्या खोलीत पोहोचेपर्यंत त्याने वाटेत कोणाशी चकार शब्द बोलावयाचा नाही. त्यामुळे बाहेरच्यांचे घड्याळ आतल्यांच्या घड्याळाच्या नेहमी अर्धा तास मागे चालते. मी दाराशी असल्यामुळे दोन्ही घड्याळे मला दिसत. परंतु आत जे दिसले ते बाहेर सांगावयाचे नाही, अशी माझी लेखी शपथ होती. ती मी तेवीस वर्षे पाळली. त्याच शपथेस स्मरून मादाम इंगुना यांच्या देशाचे नावही मी येथे लिहीत नाही. तो बाल्टिक समुद्राकाठचा एक लहान देश आहे, आणि मादाम तेथील पंतप्रधानांच्या सल्लागार, इतके पुरे.

सकाळी परिषद सुरू होण्यापूर्वी त्या माझ्याजवळ कॉफीयंत्रापाशी आल्या होत्या. तीन वर्षांच्या परिचयाने आमच्यात थोडा मोकळेपणा आला होता.

“मस्यू फिर्मँ, काल मसुदा बदललाय. आमचा परिच्छेदच काढून टाकला.”

“कुठला हो, मादाम?”

“तीन हिवाळ्यांचा.”

त्यांच्या गावाची हकीकत मला ठाऊक होती. चाळीस हजार वस्तीच्या त्या गावात एकच जुने बॉयलरघर आहे. तेथून निघालेल्या नळांनी सगळ्या घरांना, शाळेला आणि इस्पितळाला ऊब मिळते. त्या बॉयलरांत पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळविलेली काळी माती. आमच्या फान्यच्या पठारावरही शंभर वर्षांपूर्वी लोक तीच जाळीत. तिच्या धुराने हवा फार बिघडते म्हणून येत्या ऑक्टोबरपासून ती सर्व देशांत बंद करावी, असा सहावा मुद्दा होता. त्यात गैर काही नव्हते, असे मादाम इंगुना स्वतःच म्हणत. नवे बॉयलरघर बांधून व्हावयास तीन वर्षे लागणार होती. तोवर तीन हिवाळ्यांची सवलत मिळावी एवढेच त्यांचे मागणे होते. त्यांचे वडील, ऐवार्स नावाचे, एकतीस वर्षांपासून त्याच बॉयलरघरात कामाला होते.

“सकाळपासून बाबांचे तीन फोन झाले,” त्या म्हणाल्या. “‘काय गं, आम्ही गोठायचं का नाही ते ठरलं का?’ असं विचारतात. जसं काही संध्याकाळी बटाटे उकडू का भाजू, असं विचारावं तसं.”

“पण तुमचे पंतप्रधान मुद्दा अडवणार आहेत ना?”

“परवा संसदेत मूठ आपटून म्हणाले, अडवीन म्हणून. समोरचा पेला उडाला. पण आज सकाळी त्यांनी मोठ्या शेजारी देशाच्या प्रमुखाबरोबर नाश्ता केला आणि मला म्हणाले, तू बाहेर थांब. तीन वर्षांत पहिल्यांदा!”

“अहो, नाश्त्याला माणसाला गर्दी नको असते.”

“आणि नाश्त्यानंतर माझ्याशी हवेबद्दल बोलले. हवेबद्दल, मस्यू फिर्मँ! ब्रुसेल्सच्या हवेबद्दल कोण बोलतं? तिच्यात बोलण्यासारखं आहे काय?”

“निदान कॉफी तरी घ्या.”

“ही? आमचं पीट भिजवून दिलंत तरी हिच्यापेक्षा चवदार लागेल.” परंतु त्यांनी घेतली, आणि न पिताच यंत्रावर ठेवून निघून गेल्या.

त्यांचे पंतप्रधान ग्राउडिन हे साठीकडे झुकलेले, उंच, मृदुभाषी गृहस्थ. मला ते नावाने ओळखीत आणि दर परिषदेस माझ्या गुडघ्यांची चौकशी करीत. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर होता, आणि हे लिहीत असताना तो पूर्णपणे नाहीसा झाला आहे असे मी म्हणू शकत नाही.

परिषद वेळेवर सुरू झाली. पहिले तीन मुद्दे विनासायास संमत झाले. चौथा मुद्दा समुद्रमार्गे येणाऱ्या निर्वासितांचा. तेथे गाडी रुतली. दक्षिणेकडील देश म्हणत, ओझे वाटून घ्या. उत्तरेकडील म्हणत, आधी दार लावून घ्या. आत पाणी नेऊन देणारा वॉर्ड नावाचा माझा सहकारी बाहेर आला आणि कुजबुजला, “कोणी ऐकत नाहीये रे. सगळे बोलतायत, पण कोणाच्या कानात भाषांतराचं यंत्र नाही. दुभाषे बिचारे काचेला सांगतायत.”

बाहेर मादाम इंगुना यांची ये-जा सुरूच होती. टिपणखोलीत बसावे तर जीव घुसमटे, मार्गिकेत यावे तर काही कळेना. साडेअकरा वाजून गेल्यावर त्या टिपणखोलीतून बाहेर आल्या त्या थेट माझ्यापाशी. हातात घडी केलेली चिठ्ठी होती.

“अजून चौथाच चाललाय. नुकतंच सांगून गेला टिपणकार. म्हणजे पाचवा व्हायचा, मग सहावा. तासभर तरी आहे. ही साहेबांना द्या. पाच मिनिटं बाहेर या, एवढंच लिहिलंय.”

“काय ते चिठ्ठीतच लिहून दिलं तर नाही का चालणार, मादाम?”

“नाही. मला त्यांच्या तोंडाकडे बघून विचारायचंय. लिहिलेल्याला ते मान डोलवतील.”

चिठ्ठी पोहोचविणे हे माझे काम होते. ती कोणत्या घटकेला पोहोचवावी, हे ठरविणे माझे काम नव्हते. मी कवाड तिरके उघडून आत गेलो. चौथ्या मुद्द्यावरचे शेवटचे भाषण त्याच क्षणी संपत होते, आणि अध्यक्षमहाशय थकल्या चेहऱ्याने म्हणत होते, की ह्या मुद्द्याचा मजकूर जेवणानंतर पुन्हा पाहू. मी ग्राउडिन साहेबांच्या खुर्चीपाशी वाकून चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली. त्यांच्या कोटाची बटणे आधीच लावलेली होती, हे मला नंतर आठवले. कानातले यंत्र काढून त्यांनी मेजावर ठेवले, आणि ते माझ्या मागोमाग दाराकडे चालू लागले.

आम्ही दारापासून दोन पावलांवर असताना अध्यक्ष म्हणाले, “पाचव्या मुद्द्याचे आकडे अजून छापून आलेले नाहीत. तोवर सहावा घेऊन टाकू.”

मी मागे वळून साहेबांकडे पाहिले. त्यांची पावले थांबली नाहीत. कानात यंत्र नसल्यामुळे त्यांना अध्यक्षांची भाषा कळली नसावी, असे मी तेव्हा मनाशी म्हटले. ते बाहेर पडले. नियमानुसार मी कवाड लावून घेतले.

मादाम इंगुना खिडकीपाशी उभ्या होत्या.

“बोल, काय झालं?” साहेब म्हणाले. “पण आधी कॉफी. आतली सभा म्हणजे वाळवंट झालीय नुसती.”

“साहेब, मला फक्त एक शब्द द्या. सहावा मुद्दा आला की बटण दाबणार ना?”

“अगं, तू कालपासून नीट जेवली आहेस का? चेहरा बघ तुझा.”

“साहेब.”

“इंगुना, ही वॉफल तरी खा आधी.” त्यांनी यंत्राशेजारच्या परडीतली एक उचलून त्यांच्यापुढे धरली. “लिएजची आहे. आत साखरेचे खडे असतात.”

ते संभाषण मी ऐकत होतो, पण माझे चित्त पाठीमागच्या लाकडापलीकडे होते. सहावा मुद्दा दीड पानांचा होता. अध्यक्ष सावकाश वाचतात. दीड पानास त्यांना चार मिनिटे लागतात, फार तर साडेचार. वाचून झाले की ते चष्मा काढतात, मेजाभोवती पाहतात, आणि मग तो एक शब्द उच्चारतात. एक मिनिट गेले होते. ज्या बाईने चिठ्ठी पाठविली तिला वाटत होते की हाताशी तास आहे. तिच्या मागे पडलेल्या घड्याळाने तिला फसविले होते, आणि तिच्या देशाच्या खुर्चीत जे काही थोडे बळ होते, ते तिने स्वतःच्या हाताने बाहेर बोलावून घेतले होते. हे त्या संपूर्ण मार्गिकेत केवळ मला ठाऊक होते.

सांगावे, तर शपथ मोडते. न सांगावे, तर मोडण्यासारखे माझे काहीच नव्हते. चाळीस हजार अनोळखी माणसांच्या घरी ऑक्टोबरात नळ थंड पडले असते इतकेच. मी ह्या पायावरून त्या पायावर भार टाकू लागलो. द्वारपालाने असे करू नये. आम्हा द्वारपालांच्या प्रमुख मादाम खोदेलिव्ह दहा पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी भुवई उंचावून माझ्याकडे पाहिले, तसा मी स्थिर झालो. दोन मिनिटे गेली.

“आमच्या गावचा तो सरोवराकाठचा रस्ता तुला ठाऊक आहे का?” साहेब म्हणत होते. “लहानपणी तिथे आम्ही बर्फावरून सायकली चालवायचो...”

“साहेब, बर्फाचंच चाललंय आपलं. तीन हिवाळे मागायचेत आपल्याला. मागणार ना?”

“सगळं मागायचं असतं गं. मिळायचं असतं तेवढंच मिळतं.”

तीन मिनिटे होत आली. शपथेत बोलण्याची मनाई होती. पाहण्याची, उभे राहण्याची, दार उघडण्याची मनाई नव्हती. दार उघडणे हा तर माझा धंदाच. मी वळलो, दाराच्या दोन्ही मुठी धरल्या, आणि दोन्ही कवाडे भिंतीला लागेपर्यंत उघडली.

तेवीस वर्षांत सभा चालू असताना ती दोन्ही कधी उघडली गेली नव्हती. आतील सर्व माना एकदम दाराकडे वळल्या. सभा उठली अशा समजुतीने दोघेजण तर खुर्ची मागे सारून उभेही राहिले. अध्यक्षांचे वाचन वाक्याच्या मध्येच थांबले. त्यांच्या पाठीमागच्या मोठ्या पडद्यावर चालू मुद्द्याचा आकडा ठळकपणे झळकत होता. तो सहा होता.

मादाम इंगुना यांनी तो आकडा पाहिला. मनुष्याचा चेहरा पांढरा पडतो असे पुस्तकांत वाचले होते. प्रत्यक्षात तो राखाडी होतो.

“सहावा!” त्या म्हणाल्या. “सहावा चाललाय! आणि मीच... मीच बोलावलं तुम्हाला बाहेर. साहेब, चला आत. चला ना!”

“कॉफी संपू दे,” ग्राउडिन साहेब म्हणाले.

हे शब्द त्यांनी अगदी सौम्यपणे उच्चारले. पेला अर्धा भरलेला होता. ते खिडकीकडे वळले आणि त्यांनी एक लहानसा घोट घेतला. तेव्हा मला त्या कोटाच्या बटणांची आठवण झाली.

“तुम्हाला माहीत होतं,” मादाम इंगुना म्हणाल्या.

“हळू बोल.”

“आतून निघतानाच तुम्हाला माहीत होतं.”

“इंगुना, ऐक. तू चिठ्ठी पाठवली नसतीस तर मीच काही निमित्त काढून उठलो असतो. कधीकधी माणूस खोलीत नसावा हेच बरं असतं. मी तिथे नव्हतो, हे घरी सांगता येतं. मी तिथे होतो आणि गप्प बसलो, हे सांगता येत नाही. त्या लोकांकडून आपल्याला रेल्वे हवीय, सरहद्दीवर सैन्य हवंय. एका गावाच्या धुरासाठी किती दिवे लावू मी?”

“धुरासाठी नाही. उबेसाठी.”

“तेच ते.”

“तेच नाही! तुम्ही राजधानीत राहता, तुम्हाला गॅस येतो, म्हणून तुम्हाला तेच वाटतं!”

मादाम खोदेलिव्ह धावत माझ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. “दार लाव! फिर्मँ, दार लाव, वेडा झालास का?” मी डावे कवाड हळूहळू ओढू लागलो. इतक्या सावकाश मी आयुष्यात कधीही दार ओढले नव्हते. आत अध्यक्षांनी घसा साफ केला आणि राहिलेले अर्धे वाक्य वाचावयास घेतले.

तेवढ्यात मादाम इंगुना माझ्या बाजूने आत शिरल्या.

त्यांच्या गळ्यात लाल बिल्ला होता. तो असणाऱ्यास आपल्या प्रमुखाच्या खुर्चीपर्यंत जाऊन कागद ठेवता येतो; तेथे थांबता येत नाही, बोलता तर मुळीच येत नाही. त्या गोल मेजाला वळसा घालून ताठ मानेने चालत गेल्या. त्यांच्या बुटांचा आवाज गालिच्यावर होत नव्हता, तरीही मला तो ऐकू येत होता असे वाटले. त्या खुर्चीपाशी पोहोचल्या, हातातला चुरगळलेला कागद त्यांनी मेजावर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने बटण दाबले.

लाल दिवा लागला.

अध्यक्षांनी चष्मा काढला होता. मेजाभोवती फिरणारी त्यांची दृष्टी त्या दिव्यापाशी येऊन थबकली.

“बोलण्याची मागणी आलेली दिसते,” ते म्हणाले. “पण मागणारे कुठे आहेत?”

कोणीतरी हसले. लगेच थांबले. मादाम इंगुना काहीही बोलल्या नाहीत. बोलण्याचा त्यांना अधिकार नव्हता, आणि तो त्यांनी घेतलाही नाही. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. सव्वीस जोडी डोळे आधी त्यांच्याकडे वळले, मग दाराकडे, आणि उघड्या उजव्या कवाडातून थेट मार्गिकेतील त्या उंच गृहस्थांवर येऊन स्थिरावले.

ग्राउडिन साहेबांनी पेला ठेवावयास जागा शोधली. ती त्यांना सापडली नाही. शेवटी पेला हातात धरूनच ते आत गेले. माझ्याजवळून जाताना ते ह्या खेपेस गुडघ्यांविषयी काही बोलले नाहीत. दुसऱ्या क्षणी मादाम इंगुना बाहेर आल्या, आणि मी दोन्ही कवाडे लावली.

त्यानंतर आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. शपथेमुळे लिहीत नाही असे नव्हे, खरोखरच ठाऊक नाही. मादाम खोदेलिव्ह यांनी मला दारापासून चार पावले दूर उभे केले आणि माझ्या जागी वॉर्डला नेमले.

“दोन्ही कवाडं!” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “मध्येच! फिर्मँ, निवृत्तीला अकरा महिने राहिले होते तुझे. अकरा महिने काय करायचं होतं तुला? उभं राहायचं होतं! खांबालाही जमतं ते!”

“हो, मादाम.”

“चूक झाली म्हण. हात सटकला म्हण. मी तसं लिहून देते, वरचे मान्य करतील.”

ती बाई कठोर असली तरी माझे भलेच पाहत होती. “हात सटकला नाही, मादाम,” मी म्हणालो. “हात सटकला तर एक कवाड उघडतं.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी इतकी वर्षे त्यांच्याशी परक्या भाषेत बोलत होतो. “मग उद्यापासून तळघरात जा. कोट-छत्र्यांच्या खोलीत. तिथे एकच दार आहे, आणि तेही सरकतं.”

मादाम इंगुना भिंतीला टेकून उभ्या होत्या. आपल्या देशाचा प्रमुख लाकडाच्या एका दारापलीकडे बोलत होता, आणि तो काय बोलतो हे त्यांना कळावयास अर्धा तास लागणार होता. त्या टिपणखोलीत गेल्या नाहीत. त्या खिडकीपर्यंत जात, परत येत, बाही वर सारत, खाली ओढत.

“गप्प बसले असतील तर?” त्यांनी मला विचारले. “आत जाऊन नुसतं ‘सहज दाबलं गेलं’ असं म्हणाले असतील तर?”

“सव्वीस जणांसमोर?”

“तुम्ही त्यांना ओळखत नाही. ते इतक्या गोड आवाजात म्हणतील, की सगळ्यांना खरंच वाटेल.”

त्यांचा फोन थरथरला. त्यांनी पाहिले, तो बंद केला, तो पुन्हा थरथरला. “बाबा, आत्ता नाही. नाही, ठरलं नाही. हो, जेवले. बाबा, ठेवा ना!”

बारा वाजून सहा मिनिटांनी कवाड तिरके उघडले आणि टिपणकार वही छातीशी धरून बाहेर आला. तो एक किरकोळ अंगाचा पोर्तुगीज गृहस्थ होता. मादाम इंगुना त्याच्या बरोबरीने चालू लागल्या.

“एक शब्द. हो का नाही, एवढंच.”

“मादाम, खोलीत.”

“मान हलवा नुसती.”

“मादाम, माझी नोकरी आहे.” तो जवळजवळ पळू लागला, आणि त्याही पळू लागल्या. ती मार्गिका शंभर पावलांची आहे. मी ती शंभर पावले त्या दोघांकडे पाहत उभा राहिलो. टिपणखोलीचे दार लागले.

सात मिनिटांनी त्या परतल्या. पळत नव्हे, चालत.

“एक,” त्या म्हणाल्या.

“एक काय?”

“एक हिवाळा. साहेब म्हणाले, आमच्या एका गावाची अडचण आहे. मोठ्या शेजाऱ्यानं विचारलं, किती? आणि साहेबांनी स्वतःहूनच एक म्हणून सांगितलं. तीन म्हणालेच नाहीत. तीनवरून घासाघीस झाली असती तर दोनवर तरी आले असते ना? हे पहिल्यापासूनच एक म्हणाले!” त्या हसल्या, पण ते हसणे चांगले नव्हते. “आणि सगळ्यांनी लगेच मान डोलवली. किती स्वस्तात सुटले म्हणून.”

शून्यापेक्षा एक मोठा, असे म्हणावयाचे मनात होते. परंतु ज्याच्या घरात नळ तापतो त्याने हे म्हणावे, हे मला बरे वाटले नाही.

त्यांनी वडिलांना फोन लावला. पलीकडचा आवाज मोठा होता; बॉयलरघरात राहिलेल्या माणसाचा असतो तसा. त्यांनी मला पुढे सांगितल्याप्रमाणे तो आवाज म्हणाला, “एक? बरं. म्हणजे दोन नंबरचा बॉयलर एप्रिलमध्येच दुरुस्तीला उघडायला लागेल, तो एकट्यानं अजून एक वर्ष काढायचा नाही. आणि नवं बॉयलरघर बांधणाऱ्यांना सांगावं लागेल, झोपा कमी करा म्हणून. ठेव फोन, मला माणसं गोळा करू दे.” मुलीची चौकशी त्याने केली नाही. फोन ठेवल्यावर पुन्हा लावला आणि विचारले, “तू जेवलीस ना?”

जेवणाच्या सुट्टीसाठी वॉर्डने दोन्ही कवाडे उघडली. ग्राउडिन साहेब इतरांसोबत बाहेर आले. ते आमच्यापाशी थांबले, आणि त्यांनी फार हळू आवाजात मादाम इंगुना यांस सांगितले, “संध्याकाळी बिल्ला परत कर. सहा वाजता. त्याच्या आधी नको, लोक बघतात.” नंतर ते म्हणाले, “तू बटण दाबलंस, म्हणून मला बोलावं लागलं. हे मी विसरणार नाही. कुठल्या अर्थानं ते मला अजून ठरवायचंय.”

ते निघून गेले. मादाम इंगुना त्यांच्या पाठीकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले. सव्वा वाजला होता.

“चौथा मुद्दा जेवणानंतर पुन्हा येणार आहे, नाही का?” त्या म्हणाल्या. “त्यात दक्षिणेकडच्यांना आमचा होकार हवाय. म्हणजे निदान चार देशांना आज दुपारी आमची गरज आहे.”

“मादाम, तुमचा बिल्ला...”

“सहा वाजता, असं म्हणाले. पावणेपाच तास आहेत.” त्यांनी माझ्या खिशाला लावलेले पेन न विचारताच घेतले आणि तळहातावर लिहिले: दोन. “राहिलेले दोन हिवाळे. जून महिन्याच्या परिषदेत ते मागायला मी नसेन. पण ज्यांना आज सांगून ठेवीन ते असतील. ती ग्रीसची सल्लागार बाई कुठल्या मजल्यावर बसते?”

ती माहिती सभागृहातील नव्हती. ती सांगण्यास कोणत्याही शपथेची आडकाठी नव्हती.

“पाचव्या,” मी म्हणालो. “लिफ्टच्या डाव्या हाताला. आत्ता जेवायला निघत असतील, जिन्यानं जा.”

त्या जिन्याकडे वळल्या होत्याच. दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होत्या.